दोन्ही डोळे उघडे ठेवा

संपादकांचा फोन आला, "ताई, डोळ्यांच्या दवाखान्यातले तुमचे गमतीदार अनुभव दिवाळी अंकासाठी लिहा." गमतीदार म्हणे. आमच्या बाजूच्या स्टुलावर चार तास बसून बघा म्हणावं. माझी अख्खी नोकरी डोळे तपासण्यात गेली, आणि त्यातला निम्मा वेळ एका शब्दापायी लोकांशी डोकं लावण्यात. तरी एक हकिकत सांगते. तिच्यात माझं शहाणपण काही नाही. माझ्या एका वाक्यानं एका मेंढपाळ आबांच्या हातून त्यांच्या कळपाची मोजणी गेली आणि पुढं कित्येक वर्षं ती त्यांच्याकडं परत आली नाही. मला त्याचा पत्ताही नव्हता.

पण आधी तो शब्द. तो कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, त्यामुळं दोन मिनिटं कंटाळा सोसा.

आपले दोन डोळे एकाच ठिकाणी बघतात ते फुकटात होत नाही. दोन्ही डोळ्यांना आपापला कल असतो. कुणाचा डोळा बाहेर जाऊ बघतो, कुणाचा नाकाकडं, कुणाचा जरासा वर. मेंदू दोघांना धरून एका जागी लावून ठेवतो. एक डोळा झाकला की त्याला धरून ठेवायला काही कारण राहत नाही, मग तो आपल्या कलानं हळूच सरकतो. झाकण काढलं की पुन्हा जागेवर येतो. हे आरशात दिसत नाही, फोटोत दिसत नाही, लग्न होऊन वीस वर्षं झालेल्या नवऱ्यालाही दिसत नाही. आम्ही एक काळी पळी डोळ्यासमोर धरतो, झटकन बाजूला करतो आणि परत येणारा डोळा पकडतो. सगळी परीक्षा एवढीच, दोन मिनिटांची.

ह्याला म्हणतात हेटेरोफोरिया. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कुणा परदेशी डॉक्टरनं दोन जुने ग्रीक शब्द जोडून तो केला. हेटेरो म्हणजे दुसरा, वेगळा. फोरिया आला वाहून नेणं ह्या अर्थाच्या शब्दावरून. डोळा स्वतःला भलतीकडं वाहून नेऊ बघतो, असा सगळा मिळून अर्थ. उघड दिसणाऱ्या तिरळेपणाला वेगळा शब्द आहे, त्यात वळण्याचा अर्थ आहे. म्हणजे त्या माणसानं विचार करून नावं ठेवली. आमच्या मराठी पुस्तकात मात्र कुणी तरी लिहून ठेवलं, 'सुप्त तिरळेपणा'. त्या विद्वानाला एक दिवस माझ्या स्टुलावर बसवायला पाहिजे होतं.

कारण तिरळेपणा म्हटलं की समोरच्याचे कान बंद होतात. सिडकोतल्या एक बाई लेकराला घेऊन आल्या होत्या. मी पळी काढली आणि पोराचा डोळा सरकताना त्यांनी पाहिला. "आणला तेव्हा सरळ होता, तुम्ही पळी लावून तिरळा केलात," म्हणून त्यांनी अख्खा विभाग गोळा केला. शहागंजातले एक घड्याळवाले होते, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आँख भी छुप छुप के टेढी होती क्या? हमकू तो आज तक किसीने बोला नई." आणि दर आठवड्याला एक तरी विचारणारा, "सुप्त आहे ना, मग बाहेर कधी येणार?" अरे बाबा, यायलाच पाहिजे असं नाही. थोडा थोडा तर बहुतेकांना असतो. तुम्हालाही असेल. त्यानं काही बिघडत नाही.

बिघडतं ते काही जणांचंच. दिवसभर डोळे धरून धरून मेंदू थकतो आणि संध्याकाळी पकड सुटते. मग डोकं ठणकतं, नाहीतर एकाची दोन दिसायला लागतात. अशा माणसाला कुणी न शिकवता एक उपाय सापडतो. तो एक डोळा मिटून घेतो. एकाच डोळ्यानं बघितलं की दोन दिसायचं कारणच उरत नाही. एवढं ध्यानात ठेवा, मी पुढं जाते.

सरकारी नोकरीत माझ्या पदाचं नाव नेत्र चिकित्सा अधिकारी. नाव भारदस्त. काम म्हणजे चष्म्याचे नंबर काढायचे, थेंब टाकायचे, गावोगाव शिबिरं करायची, आणि डॉक्टर कागदावर इंग्रजी शब्द खरडून मोकळे झाले की त्याचा अर्थ पेशंटला सांगत बसायचं. रिटायर झाल्यावर घरात सुनेला शिकवत बसण्यापेक्षा बरं म्हणून जालना रोडजवळच्या एका खाजगी दवाखान्यात अर्धा दिवस जायला लागले. तिथं एक मुलगी आली. अश्विनी नाव, फुलंब्रीच्या अलीकडच्या एका गावची, वय बावीस-तेवीस. शेंद्र्याला कारखान्यात कामाला होती. पितळेचे बारके भाग तपासायचे आणि मोजून ट्रेमध्ये लावायचे, हे तिचं काम. सोबत कारखान्याच्या डॉक्टरची चिठ्ठी होती, 'उजवा डोळा निकामी असल्याची शंका'. तिला कायम करायची वेळ आली होती आणि सुपरवायझरचं म्हणणं होतं की पोरीनं डोळ्याचा दोष लपवला.

मी तपासली. दोन्ही डोळे एकदम स्वच्छ, शेवटची ओळ घडाघडा वाचली. पळी लावली तर डोळा केसभरसुद्धा हलत नाही. इतके शहाणे डोळे मला महिन्यातून एकदा बघायला मिळत नाहीत. मग टेबलावरच्या टाचण्या तिच्यासमोर ओतल्या आणि मोजायला सांगितल्या. तिनं लगेच उजवा डोळा गच्च मिटला आणि भराभर मोजायला लागली.

"डोळा का मिटतेस?"

"मोजायचं आसंल तर मिटावंच लागतंय की."

"कुणी सांगितलं तुला?"

"आबानं. आमच्या घरात समदे तसंच मोजत्यात." मग माझ्याकडं जरा काळजीनं बघत म्हणाली, "तुमी कसं मोजता?"

मी कपाळावर हात मारून घेतला. दोन्ही डोळे उघडे ठेवून मोज म्हटलं, तर ती तीनदा चुकली. आबा म्हणजे तिचे आजोबा, सखाराम आबा. घरची मेंढरं. दिवस मावळायच्या टायमाला कळप माळावरून आला की जाळीच्या कुंपणाला एक तोंड ठेवायचं, त्यातून मेंढरं आत सोडायची आणि घरातल्या कर्त्या माणसानं उभं राहून ती मोजायची. वीस झाली की एक खडा खिशात. ही मोजणी म्हणजे त्या घरातली खुर्ची. ती ज्याच्याकडं असते त्याला विचारून कळप हलतो. आबा ती एक डोळा मिटून करायचे. त्यांच्या पायाशी उभी राहून पोरं मोजायला शिकली आणि मोजायचं म्हणजे आधी डोळा मिटायचा, असंच धरून बसली. अख्ख्या घराला ती सवय, आणि असं का करायचं ते कुणी विचारलं नाही.

माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. पोरीच्या डोळ्यात काही नाही, दुखणं म्हाताऱ्याच्या डोळ्यात आहे. खरं सांगते, मला त्या क्षणी स्वतःचा मोठा अभिमान वाटला. कारखान्याला पत्र लिहिलं की दोन्ही डोळे उत्तम आहेत, ही घरातली सवय आहे, पंधरा दिवसांत मोडेल. मग सहज विचारलं, "आबा अजून मोजतात का गं?"

"नाय. त्यांची मोजणी काढून घेतली. मी ल्हान होते तव्हाच. आता किसनबाबा मोजत्यात, आबाचे धाकले भाऊ."

"का काढून घेतली?"

"गावात डोळ्याचा क्याम्प आल्ता. आबा म्हणले, मला सांच्याला एकाची दोन दिसत्यात. तिथल्या बाईनं इचारलं, सांच्याला काय घेता? समदी लाईन हासली. आबा पीत नाय वो, कवाच नाय पिले. आन् बाई म्हणली, डोळा मिटायचा चाळा सोडा, दोन्ही डोळे उघडे ठेवा. मग आबानं दोन्ही उघडे ठून मोजलं. म्हणले, शिकलेली बाई हाय, चुकीचं काऊन सांगल."

आबांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून मोजलं आणि एकाची दोन धरून आकडा पुरा भरला. जाळीचं तोंड बांधलं. प्रत्यक्षात दोन मेंढ्या माळावरच राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांची लोकर तेवढी सापडली, लांडगा येऊन गेला होता. किसनबाबा चार माणसांत म्हणाले, डोळ्याच्या बाईनं सांगितलंच होतं, हा पिऊन मोजतो. त्या दिवसापासून मोजणी किसनबाबांकडं.

मी विचारलं, कोणत्या शाळेत होतं शिबिर. तिनं सांगितलं. बाई कशी होती, आठवतं का? "उंच व्हती. गळ्यात दोरीला चष्मा. लई चिडकी."

त्या तालुक्यातल्या शिबिरांना त्या काळात बाई एकच जायची. चष्मा आजही माझ्या गळ्यात दोरीलाच असतो. पोरीनं तो पाहिला होता की नाही, मला माहीत नाही. तिच्या तोंडावर काही दिसलं नाही.

मला आबा आठवेनात. हेच मला सगळ्यात लागलं. शिबिर आठवत होतं, शाळेच्या व्हरांड्यातली रांग, भर दुपारचं ऊन, मोतीबिंदूवाल्यांच्या पाठीवर मोतीबिंदूवाले. जेवण झालेलं नव्हतं. त्यात कुणी एक डोळा मिटून काही विचारलं असणार आणि मी खेकसले असणार. प्रश्न तसा चुकीचा नव्हता, दारूनं एकाची दोन दिसतात, विचारावंच लागतं. पण ते रांगेसमोर, हसत विचारायचं नसतं. आणि विचारून झाल्यावर पळी लावायची असते. पळी माझ्या अॅप्रनच्या खिशात होती. ती कायम तिथंच असते. दोन मिनिटं लागली असती. जन्मभर लोकांवर वैतागले की तुम्हाला सुप्त तिरळेपणा कळत नाही, आणि एक माणूस तोच घेऊन समोर आला तर मलाच कळला नाही.

मी अश्विनीला म्हटलं, "आबांना घेऊन ये. सकाळी नाही, दिवस मावळताना. त्या दिवशी दुपारी झोपू देऊ नकोस त्यांना." ती बाई मीच, हे तिला सांगायचा धीर मला झाला नाही.

आठवड्यानं दोघं आले. आबा सत्तरीच्या पुढचे, पांढरं धोतर, डोक्याला लाल पटका. खुर्चीत बसले आणि माझ्याकडं नीट बघून घेतलं. एक डोळा मिटून. मग म्हणाले, "व्हय. तुमीच त्या."

अश्विनी चमकून माझ्याकडं बघायला लागली.

"हो आबा, मीच," मी म्हटलं. "माझं चुकलं. तुम्हाला तपासायला पाहिजे होतं, मी तपासलं नाही आणि नको ते बोलले."

मी पळी काढली. डाव्या डोळ्यासमोर, उजव्या डोळ्यासमोर. पळीमागचा उजवा डोळा असा बाहेर गेला की तो परत जागेवर यायला त्याला दोन खेपा कराव्या लागल्या. थोड्या वेळानं तर आलाच नाही. डॉक्टरांना बोलावलं. म्हातारपणी एकाची दोन दिसायची दुसरी वाईट कारणंही असतात, ती त्यांनी तपासून बाजूला सारली. मग कागदावर नेहमीप्रमाणं इंग्रजी शब्द खरडला आणि गेले.

मी आबांना सगळं सांगितलं. कल, मेंदूची पकड, संध्याकाळी ती सुटणं. तोंडाला आलेला 'सुप्त तिरळेपणा' मी गिळला. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजी राखणीचं कुत्रं बसलं की मेंढरू सरकतंय," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मला असं सांगता आलं नव्हतं. पुढं सगळ्या पेशंटना मी हेच सांगत आले, त्यांचं नाव घेऊन.

"ह्याला नाव हाय का काई?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, हेटेरोफोरिया. त्यांनी दोनदा जिभेवर घोळवून पाहिलं, जमलं नाही. "आसू द्या. नाव हाय ना? नाव हाय म्हंजी आनखी कुनाला झालेलं आसनार. मला वाटायचं मपल्या एकट्याचंच डोस्कं फिरलंय." मग म्हणाले, "बाई, ते दारूचं तेवढं येऊन सांगा. हितं नको. तिथं सांगा."

प्रिझमची काच बसवलेला चष्मा करून घेतला. ही काच दोन चित्रं ओढून एका जागी आणते, मेंदूचा भार हलका होतो. चष्मा तयार झाला तसा मी तो स्वतः घेऊन गेले. फुलंब्रीच्या जीपमध्ये चौथ्या सीटवर अर्धी लटकत, स्वतःलाच शिव्या घालत. पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि कळप माळावरून येत होता. किसनबाबा जाळीच्या तोंडाशी उभे होते. आबा बाजूला दगडावर बसलेले. घरातली, शेजारची दहा-बारा माणसं जमली, बाई कशाला आली ते बघायला.

मी मोठ्यानं सांगितलं, लाज सोडून सांगितलं. "शिबिरातली बाई मीच. आबा दारू पितात असं मी बोलले, ते खोटं होतं. त्यांच्या डोळ्यात दोष आहे, त्याला नाव आहे, हा त्याचा कागद. डोळा मिटून मोजत होते तेच बरोबर होतं. दोन्ही उघडे ठेवा हे मी सांगितलं, म्हणून आकडा चुकला. ती दोन मेंढरं माझ्यामुळं गेली."

मग किसनबाबा अगदी साध्या आवाजात म्हणाले, "दादा पीत नाय ते आमाला ठावं व्हतं की."

"ठावं होतं? मग?"

"तुमी म्हणल्या व्हत्या."

सख्खा भाऊ, एका ताटात जेवलेला, जन्मभर सोबत माळ तुडवलेला. आणि त्यानं काय धरलं, तर उपाशी वैतागलेल्या एका बाईचं भर दुपारचं एक वाक्य. त्याला सोयीचं होतं म्हणून धरलं, हे मला कळतं. मला राग आला. पण त्याला ते वाक्य आणून दिलं कुणी, ह्याचंही उत्तर तिथंच उभं होतं, गळ्यात चष्मा अडकवून.

किसनबाबांनी वाद घातला नाही. खाली मान घालून जाळीच्या तोंडापासून बाजूला झाले आणि मुठीतले खडे आबांच्या पुढं धरले. आबा उठले. खडे घेतले. मी चष्मा त्यांच्या नाकावर नीट बसवला, काड्या कानामागं सारल्या. ते तोंडाशी जाऊन उभे राहिले, मेंढरं आत यायला लागली आणि त्यांनी सवयीनं उजवा डोळा मिटला.

"आबा," मी ओरडले, "आता चष्मा आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवा."

त्यांनी हात आडवा धरून कळप थांबवला आणि मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही.

"बाई, मागल्या बारीला बी तुमी ह्येच म्हणल्या व्हत्या."

मग पुन्हा वळले, हात खाली घेतला. चष्मा नाकावर तसाच, त्याच्यामागं उजवा डोळा गच्च मिटलेला. वीस झाली की एक खडा खिशात टाकत ते मोजत राहिले. मी तोंड उघडलं नाही. आकडा बरोबर आला.